जुनी दाखीव, मग नवी

ती पिशवी आईच्या हातची आहे हे मी बसमध्ये चढता चढताच ओळखलं. कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाणारी सकाळची बस, दारापासून तिसरं बाक, खिडकीशी पंचेचाळिशीची एक बाई आणि तिच्या मांडीवर हिरव्या-पांढऱ्या वायरची पिशवी. पिशवीच्या काठाला, कडीजवळ, एकच गाठ काळ्या वायरची. दृष्ट लागू नये म्हणून आई प्रत्येक पिशवीत अशी एक काळी गाठ घालायची. बाजारात वायरच्या पिशव्या ढिगाने मिळतात, पण आपल्या मालाला गालबोट लावणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

पुढे दोन बाकं रिकामी होती. तरी मी त्या बाईला सरकायला लावून तिच्या शेजारी बसले. कंडक्टरने बायकांचं फुकट तिकीट माझ्या हातात कोंबलं आणि तो मागे गेला.

मला ती पिशवी हवी होती. सरळच सांगते, उगाच आडवळणं कशाला.

आई जाऊन येत्या सोमवारी वर्ष होईल. वर्षश्राद्धासाठी मी पुण्याहून आले होते, आणि दानाचा पितळी दिवा नाचियार्कोविलचाच हवा असं अण्णाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं पडल्यामुळे तो आणायला निघाले होते. त्याआधीचे दोन दिवस मी अण्णाच्या घरातलं एकूण एक कपाट उपसलं होतं. माळा पाहिला, पलंगाखालच्या पेट्या पाहिल्या. आईच्या हातची एकही वस्तू नाही. वैनी दारात उभी राहून माझी धडपड बघत होती.

"त्यांनी ठिवलं कदी?" ती म्हणाली. "झालं कीं देऊन टाकायच्या. घरांत आम्ही अजून दुकानाची पिशवी नेताव."

खरंच होतं ते. निम्म्या कुंभकोणमच्या हातात आईच्या पिशव्या आणि आमच्या घरात एक नाही. माझ्याकडेही नाही. पण ते मी वैनीला सांगितलं नाही.

आमच्या घरात पिशवीला कूडै म्हणत. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावराकडे आली आणि तिथेच राहिली. पुढे लागले तसे शब्द तिने शेजारणीकडून विरजण आणावं तसे आणले. घराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आईच्या तोंडी 'मज होणा', 'तुज नको' असली भाषा असायची, आणि पुढे पुण्याला आल्यावर तिने भाजीवाल्याला "मज दोन वांगीं होणा" म्हटलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "आजी, कुठल्या मठातून आलात?" आईला त्यात विनोद दिसला नाही. तिला वांगी कोवळी मिळाली, एवढ्यावर ती खूश होती.

दुपारची जेवणं आटोपली, स्वयंपाकघर पुसून झालं, की ती बाहेरच्या ओट्यावर येऊन बसायची. नव्या वायरच्या गुंडाळीला एक वास असतो, थोडा रॉकेलचा, थोडा नव्या चपलेचा. गुंडाळी सुटली की तो ओटाभर पसरायचा. आई कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत वायर मोजायची, असे सहा हात झाले की कात्री. मग बुडापासून सुरुवात. आवळ्यासारखी टपोरी ती आवळ्याची गाठ, डोळ्यासारखी दिसते ती शंकराच्या डोळ्याची, आणि चपटी ती बिस्किटाची. गाठ आवळताना चर्र असा बारीक आवाज व्हायचा. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की समजायचं, आई घरात आहे. उरलेली टोकं ती उदबत्तीने डागायची, त्यामुळे मोगऱ्याचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास बरोबरच यायचा. अजूनही देवळात कुणी उदबत्ती लावली की त्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटतं.

तिचे हात सतत शिवशिवत असायचे. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात; त्या मांडल्या की त्यांच्यापुढचं शेत तिचं. ताटात माती पसरून नाचणी उगवायची, मधे आरसा ठेवून तळं करायचं, तळ्याभोवती वायरच्या तुकड्यांचं कुंपण, कुंपणावर वायरचे पोपट. एका वर्षी पोपट इतके झाले की बाहुल्या बघायला आलेल्या बायका पोपटच बघत बसल्या. बाबा पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होते; दुपारी घरी येऊन ओट्यावर जरा टेकायचे आणि आम्हा मुलांना दबक्या आवाजात बजावायचे, "दोन निमिषं गप बैसूं नका. बैसलं तर ही आपणालाच गाठ मारील."

एकादशीला भजनाला जायची तेव्हाही कूडै बरोबर. झांजा वाजवणारे पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. आई मागे बसून विठ्ठलाच्या नावावर गाठी घालायची, एका नावाला एक. भजन द्रुत लयीत गेलं की गाठी पटापट पडत. एकादशीच्या गाठी जास्त घट्ट बसतात असं तिचं म्हणणं होतं. मला काही फरक दिसायचा नाही, पण तसं म्हणायची माझी टाप नव्हती. कार्तिकातल्या अमावास्येला गंगा येते म्हणतात त्या तिरुविसनल्लूरच्या विहिरीवर स्नानाला जायचो तेव्हा परत येताना ओल्या साड्या कूडैत कोंबलेल्या असायच्या, आणि बसच्या दारापासून आमच्या बाकापर्यंत पाण्याची रेघ. कंडक्टर ओरडायचा. आई त्याला शांतपणे विचारायची, तुझ्या आईकडे कूडै आहे का? नसली तर कंडक्टरची आई पुढच्या महिन्यात आमच्या ओट्यावर उभी असायची.

उभी असायची म्हणजे खरोखरच उभी. ज्याची कूडै त्याला आई आधी हात सोडून ताठ उभं करायची आणि बोटांपासून घोट्यापर्यंतचं अंतर वायरनेच मोजायची. चालताना पिशवी जमिनीला घासता कामा नये. उंच बाईची कूडै खोल, बुटकीची पसरट. पहिली कूडै मागेल त्याला मिळायची. दुसरीसाठी मात्र तिचा नियम होता, आणि तो तिने सख्ख्या बहिणीसाठीही मोडला नाही.

"जुनी दाखीव, मग नवी."

लोक फाटकी कूडै घेऊन यायचे. आई ती उलटी करायची, बुडावरून, कडांवरून बोटं फिरवायची. नाडी बघणाऱ्या वैद्याला जसं मधे बोललेलं चालत नाही तसं तिलाही चालत नसे. मग निदान. "येथ झिजली. तूं डाव्या हातीं धरतीस. पायऱ्यांवर आपटतीस. आंत नारळ घालतीस, हो कीं नाही?" समोरची बाई खाली मान घालून कबूल व्हायची. नवी कूडै करताना आई नेमक्या त्या जागी दुहेरी वायर घ्यायची. त्यामुळे दुसरी कूडै पहिलीपेक्षा जास्त टिकायची, आणि जुनी न बघता नवी करणं तिला आंधळेपणाचं वाटायचं.

मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आईने तीन दुपारी बसून माझी कूडै केली. चॉकलेटी आणि साईच्या रंगाची, शंकराच्या डोळ्याची, काठाला काळी गाठ. आगगाडीत ती मी मांडीवर घेऊन बसले होते. पुण्यात खोलीवरच्या मुलींनी ती पाहिली आणि एकीने विचारलं, "ऑफिसला निघालीस की मंडईत?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दुसऱ्या महिन्यात मी खांद्याला लावायची पर्स घेतली आणि कूडै गॅलरीत गेली, कांदे ठेवायला. तिसऱ्या वर्षी खोली बदलताना रद्दीवाला आला होता. त्याचं पोतं फाटलं होतं. "ताई, ही पिशवी देता का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ने. आत कांद्याची सालं होती, ती झटकून दिली. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, सालं आठवतात.

दोन वर्षांनी आई पुण्याला आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि दारामागची खुंटी पाहिली.

"तुझी कूडै कोठ?"

"ऑफिसांत आहे, आई. डबा नेते ना तिच्यांत."

"टिकली?"

"टिकली."

तिचं तोंड एकदम उजळलं. त्या वेळी सांगून टाकलं असतं तर ती दोन दिवस रुसली असती आणि तिसऱ्या दिवशी वायर आणायला निघाली असती. मी सांगितलं नाही. मग दर वर्षी कुंभकोणमला गेले की तोच प्रश्न. अजून फाटली नाही? नाही. एकपण गाठ सुटली नाही? नाही. खोटं फार सोपं होतं, एका शब्दाचं.

पण मला नवी हवी असायची. वय वाढलं, पर्सचं कौतुक ओसरलं आणि आईच्या हातची एक कूडै आपल्या दारामागे असावी असं वाटायला लागलं. नवी मागायची तर जुनी दाखवायला हवी. जुनी आणायची कुठून? एकदा तर मी तुळशीबागेतून तशाच रंगाची एक विकत आणली, ती मुद्दाम फरशीवर घासली, आत बटाटे भरून आठवडाभर टांगली. मग एका संध्याकाळी काळी वायर आणून काठाला गाठ घालायला बसले आणि ध्यानात आलं की मला ती गाठ येतच नाही. इतकी वर्षं आईसमोर बसले, पण शिकले नव्हते. आणि आली असती तरी आईने एक बोट फिरवून मला पकडलं असतं. ती पिशवी मी कामवाल्या बाईंना देऊन टाकली.

"आण कीं एकदां," आई शेवटच्या वर्षांत म्हणायची. "कशी झिजलीय ती मज बघूं दे."

"पुढच्या वेळी आणते."

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी त्या बाकावर बसले होते. गाव मागे पडलं होतं, दोन्ही बाजूंना भाताची शेतं लागली होती. शेजारणीच्या कूडैत भेंडी होती, केळीच्या पानात बांधलेली विड्याची पानं होती, वर साबणाची वडी. तिचा एक हात सारखा पिशवीच्या काठावर होता.

"कूडै छान आहे," मी तमिळमध्ये म्हटलं.

"रायर मामींची आहे." आमच्या लोकांना तिकडे रायर म्हणतात. "कुंभकोणमच्या. बारा वर्षं झाली हिला."

"बारा वर्षं?"

"बाराचं काय घेऊन बसलात! मामींची मुलगी आहे पुण्याला. तिच्याकडची कूडै बावीस वर्षांची आहे. एक गाठ सुटलेली नाही. मी पहिली सहा वर्षांत फाडली आणि दाखवायला नेली, तर मामींनी मला ओट्यावर उभं करून झाडलं. म्हणाल्या, माझ्या पोरीकडून शीक जरा, रोज डबा नेते ती, आणि तू काय करतेस? तेव्हापासून मी जाईन तेव्हा आधी तिचीच चौकशी करते. पुण्याची कितीवर आली? शेवटी विचारलं तेव्हा बावीस होती."

मी मारलेली थाप त्या बसमध्ये, भाताच्या शेतांमधून, एका अनोळखी बाईच्या तोंडून माझ्याकडे परत आली होती, आणि आईने तिला एवढं मोठं केलं होतं. अभिमानाने सांगितलं होतं तिने. गल्लीत, बाजारात, दिसेल त्याला.

"बूड जरा सैल झालंय," बाई कूडै चाचपत म्हणाली. "दोन वर्षं त्या बाजूला जाणं झालं नाही. दिवाळी झाली की नेऊन दाखवणार आहे मामींना."

आता सांगणं भाग होतं. "मामी गेल्या," मी म्हटलं. "सोमवारी वर्ष होईल."

काठावरचा तिचा हात थांबला. मग तिने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"पुण्याची?"

मी मान डोलावली. तिने माझ्या मांडीवर पाहिलं, पायाशी पाहिलं. माझ्या खांद्याला काळी रेक्झिनची पर्स होती.

"मग तुमची कूडै?"

घरी ठेवून आले, हे उत्तर जिभेवर तयारच होतं. एकोणीस वर्षांची सवय. आणि ते दिलं असतं तर, मला नक्की वाटतं, पुढचा शब्दही मला जमला असता: दोन बहिणींसारख्या दोन्ही एकत्र ठेवीन, ही मला द्या. बाई भल्या मनाची दिसत होती. आई गेलेल्या मुलीला ती नाही म्हणाली नसती. पिशवी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "एकवीस वर्षांपूर्वीच देऊन टाकली. रद्दीवाल्याला."

"मामींना माहीत होतं?"

"नाही."

मला तिचा राग परवडला असता, पण ती रागावली नाही. ती गोंधळली. "म्हणजे मी बरोबरी कुणाशी करत होते?" तिने मलाच विचारलं. "मी हिच्यात नारळ घालत नाही. पावसात पदराखाली घेते. कधी जमिनीवर टेकू दिली नाही. नवरा हसतो. कशासाठी? तर पुण्याची पुढे आहे म्हणून!"

आईसमोर जे कधी आलं नाही ते सगळं रडू त्या बसमध्ये आलं, आणि पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळून बघत असताना मी ते आवरलं नाही. मला आईची माफी मागायची होती आणि माफी मागायला आई नव्हती. बाईने मला रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. तिने कूडैतली भेंडी एका बाजूला सारली, आत हात घातला आणि बुडाची एकेक गाठ दाबून बघितली.

"तुम्हाला ही हवी होती ना?" ती म्हणाली. "चढल्यापासून बघताय."

"हो."

"नाही देणार." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "हिला बारा झाली. अजून दहा गेली की बावीस होतील. मामी खोटं बोलल्या असं व्हायला नको."

तिचा थांबा आला. कंडक्टरने शिट्टी मारली. मी पाय बाजूला घेतले, ती उठली, कूडै तिने कोपरात अडकवली आणि उतरताना पायरीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरली. खाली उतरल्यावर ती माझ्या खिडकीशी आली.

"बावीस झाली की या," ती म्हणाली. "दाखवीन."

बस सुटली. मी बोटांवर मोजलं. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची असेन. मी जाणार आहे.